सर्वांत वेगवान गलबत

फार जुना काळ होता. समुद्राचं पाणी आजच्याइतकंच खारट होतं, पण त्यावर चालणारी गलबतं मोजकी होती. त्या काळी दूर पश्चिमेला, ग्रीकांच्या मुलखात, डोंगरांच्या खोबणीत आणि बेटांवर कितीतरी लहान लहान नगरराज्यं नांदत होती. प्रत्येकाची सभा वेगळी, प्रत्येकाचे कायदे वेगळे आणि प्रत्येकाचा तोराही वेगळा. मुलांनो, आणि मुलांच्या शेजारी बसून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, ही गोष्ट त्यांतल्या एका नगराची आहे आणि त्या नगरातल्या एका माणसाची आहे.

हे नगर सुरुवातीला अगदी साधं होतं. खडकाळ जमीन, ऑलिव्हची झाडं, थोडे जव, पुष्कळशा शेळ्या. मग पूर्वेकडून एक बलाढ्य सम्राट शेकडो गलबतं घेऊन चालून आला. एरवी आपसांत भांडणारी नगरं तेव्हा पहिल्यांदाच एकत्र उभी राहिली आणि त्यांनी सम्राटाला पिटाळून लावलं. या नगराची गलबतं लढाईत सगळ्यांच्या पुढे होती. म्हणून बेटांनी त्याला थोरला भाऊ मानलं आणि शपथ घेतली, "सम्राट पुन्हा आला, तर आमची गलबतं तुमच्या हाताखाली लढतील."

सम्राट पुन्हा आला नाही. पण हाताखाली आलेली गलबतं थोरल्या भावाला परत द्यावीशी वाटेनात. नगर वाढत गेलं. टेकडीवर संगमरवरी देवळं उभी राहिली. जी बेटं भाऊ म्हणून आली होती, त्यांना आता हुकूम जाऊ लागले.

या नगरात एक ताल देणारा राहत होता. त्या काळच्या मोठ्या गलबतावर दीडशेहून जास्त माणसं वल्ही मारायला बसत. सगळी वल्ही एकाच वेळी पाण्यात पडावीत म्हणून एक माणूस मधल्या फळीवर उभा राहून लाकडी मोगरीने ठोके देई. तो ठोका जलद झाला की गलबत धावे, सैल झाला की रेंगाळे. आपल्या या माणसाचा हात असा बसलेला होता, की त्याचं गलबत साऱ्या ताफ्यात सर्वांत वेगवान म्हणून ओळखलं जाई. बाजारातून चालताना लोक त्याच्याकडे बोट दाखवत. त्याला ते आवडे. त्याच्या अंगात दुसरा कोणताही मोठा दोष नव्हता.

एका वर्षी लांबच्या एका बेटाने निरोप पाठवला, "आमची शपथ सम्राटाविरुद्ध होती. आता सम्राट नाही. आम्हाला मोकळं करा." नगराने उत्तरादाखल सैन्य पाठवलं. बेटावरच्या गावाला वेढा पडला. धान्य संपलं, तेव्हा गावाने दरवाजे उघडले आणि एवढंच म्हटलं, "आमचं काय करायचं ते तुमच्या सभेने ठरवावं. तुमची सभा न्याय करते असं आम्ही ऐकून आहोत."

नगराला राजा नव्हता. जे काही ठरायचं ते टेकडीवरच्या सभेत, हात वर करून ठरे. याचा नगराला मोठा अभिमान होता, आणि तो खोटाही नव्हता.

त्या दिवशी सभा खच्चून भरली. एक वक्ता उठला. त्याचा धाकटा भाऊ त्या वेढ्यात मारला गेला होता, आणि त्याचा आवाज खाली बंदरापर्यंत ऐकू जाईल असा होता. तो म्हणाला, "आज यांना सोडाल, तर उद्या एकेक बेट उठेल. गावातले सगळे पुरुष मारा. बायकापोरांना गुलाम करून विका. मग पुढची शंभर वर्षं कुणी मान वर करणार नाही."

एक म्हातारा मध्येच म्हणाला, "निदान दोषी कोण आणि निर्दोष कोण, एवढं तरी पाहू या."

लोकांनी आरडाओरडा करून त्याला खाली बसवलं. मग हात वर झाले.

ताल देणाऱ्याचाही हात वर गेला. खरं सांगायचं तर त्याने फारसा विचारच केला नव्हता. ऊन चढलं होतं, आजूबाजूला सगळे हात वर दिसत होते. आपण एकट्यानेच हात खाली ठेवला, तर शेजारचे वळून बघतील, एवढंच त्याच्या मनात येऊन गेलं.

हुकूम घेऊन लगेच गलबत निघायचं होतं. अर्थातच त्याचंच गलबत निवडलं गेलं.

तो शिदोरी घ्यायला घरी आला. बायको जवाच्या भाकऱ्या फडक्यात बांधत होती. तिने विचारलं, "काय ठरलं त्या गावाचं?"

त्याने ठरलं ते सांगितलं.

तिचे हात थांबले. "तुम्ही हात वर केला?"

"सगळ्यांनी केला."

"मी सगळ्यांचं नाही विचारलं."

तिने गाठोडं बांधून त्याच्या हातात दिलं आणि ती आत गेली. एरवी ती दारापर्यंत यायची.

दुपार कलताना गलबत बंदराबाहेर पडलं. नेहमी वल्हेकऱ्यांची थट्टामस्करी चाले, कुणी गाणं म्हणे. त्या दिवशी फक्त मोगरीचा ठोका ऐकू येत होता. बेट चार दिवसांच्या वाटेवर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एका ओसाड किनाऱ्यावर जेवायला थांबले. पहिल्या बाकावर बसणारा एक म्हातारा वल्हेकरी ताल देणाऱ्याजवळ येऊन बसला. सम्राटाशी झालेल्या लढाईत तो होता. त्याचे केस पिकले होते, पण खांदे अजून भक्कम होते.

"गड्या, एक मागतो," म्हातारा म्हणाला. "ठोका जरा सैल धर."

"काका, हुकूम आहे."

"हुकूम पोचवायचा आहे. तो किती दिवसांत पोचवायचा, हे कुणी सांगितलेलं नाही."

"पण उशीर करून काय होणार? ठरायचं ते ठरलंय."

म्हाताऱ्याने भाकरीचा तुकडा तेलात बुडवला, पण खाल्ला नाही. "काल सभा उठली तेव्हा मी लोकांची तोंडं बघत होतो. कुणी कुणाच्या नजरेला नजर देत नव्हतं. अशी माणसं घरी जाऊन सुखाने झोपत नाहीत. ती पुन्हा सभा भरवतील. पुन्हा हुकूम निघेल. आपण त्याच्या आधी पोचायला नको, एवढंच." मग तो म्हणाला, "सम्राटाच्या लढाईत माझं गलबत फुटलं. मी पाण्यात होतो. मला ओढून वर घेणारा माणूस त्याच गावचा होता. त्याचं नावही मी विचारलं नाही."

ताल देणाऱ्याला बायकोचे थांबलेले हात आठवले. तो म्हणाला, "बघतो."

आणि त्याने खरोखर बघितलं. त्या दिवशी त्याने ठोका असा काही सैल केला, की बाहेरून बघणाऱ्याला कळू नये, पण गलबत मात्र मागे पडत जावं. वल्हेकऱ्यांना कळलं. सगळ्यांच्या पाठी थोड्या मोकळ्या झाल्या. त्यालाही दिवसभर छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. आपण एक चांगली गोष्ट करतो आहोत आणि ती फारशी अवघड नाही, असं त्याला वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गलबताचा तांडेल, म्हणजे गलबतावरचा मुख्य माणूस, त्याच्याजवळ आला. तांडेल काही दुष्ट नव्हता. त्याने किनाऱ्याकडे पाहून अंतराचा अंदाज घेतला होता आणि तो सहज म्हणाला, "काय झालं रे? हेच का ते सर्वांत वेगवान गलबत? माझ्या जुन्या गलबतावरचा पोरगासुद्धा याहून बरा ताल देत होता."

एवढंच तो म्हणाला आणि हसून सुकाणूकडे निघून गेला. दम भरला नाही, शिक्षेचं नाव काढलं नाही.

ताल देणाऱ्याचे कान तापले. तो स्वतःशी म्हणाला, 'मी एकट्याने ठोका सैल धरून काय होणार आहे? नगराने ठरवलंय. दीडशे माणसं वल्ही मारताहेत. मी तर साधं वल्हंही हातात धरत नाही.' त्याचं मनगट आपोआप जलद झालं. त्याने म्हाताऱ्याकडे पाहणं टाळलं. म्हाताऱ्याने एकदाच मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, मग वल्हं ओढायला सुरुवात केली. ताल असेल तसंच वल्हं मारावं लागतं. एकाने थांबवलं तर मागच्याच्या वल्ह्यात अडकतं.

गलबत तीरासारखं धावू लागलं. तांडेलाने लांबून हात वर करून शाबासकी दिली. चौथ्या दिवशी दुपारी ते बेटाला लागलं.

सेनापती किनाऱ्यावरच्या तंबूत होता. त्याने हुकूम वाचला. मग पुन्हा वाचला. मग तो तंबूबाहेरच्या दगडावर बसला आणि बराच वेळ समुद्राकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "उद्या सकाळी." 

ताल देणारा गलबतासाठी पाणी आणायला गावातल्या विहिरीवर गेला. तिथे एक म्हातारा कुंभार बसला होता. वेढ्यात वाळून त्याची हाडं दिसत होती. विहिरीला लागूनच असलेल्या त्याच्या अंगणातल्या भट्टीत आच नव्हती, पण त्याने तिच्याभोवतीची राख मात्र झाडून स्वच्छ केली होती. त्याने स्वतः उठून पोहरा ओढून दिला.

"तुम्ही आजच आलात ना, त्या गलबतातून?" कुंभाराने विचारलं.

"हो."

"सभा भरली कधी?"

"तीन दिवसांपूर्वी."

कुंभाराचा चेहरा उजळला. "मग बातमी चांगलीच असणार. वाईट बातमी घेऊन कोण एवढ्या घाईने येतो?" तो आत वळून कुणाला तरी म्हणाला, "ऐकलंस का, तीन दिवसांत आले." आणि पुन्हा बाहेर बघून म्हणाला, "घागर भरली. आणखी देऊ?"

ताल देणाऱ्याने घागर उचलली. मागे न बघता तो किनाऱ्याकडे निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या पुरुषांना रांगेने किनाऱ्यावरून तटापलीकडच्या खाणीकडे नेलं. कुंभार त्या रांगेत होता. त्याने ताल देणाऱ्याला ओळखलं आणि तसाच पुढे गेला. वल्हेकऱ्यांना किनाऱ्यावरच थांबवलं होतं. खाणीतलं त्यांना काही दिसलं नाही, पण ऐकू सगळं आलं. मग बायका आणि मुलं खाली आणली गेली. एका बाईच्या हाताला अजून ओलं पीठ लागलेलं होतं. कुणी तिला हात धुवायला पाणी दिलं नाही, आणि तिने मागितलंही नाही.

दिवस माथ्यावर आला तेव्हा क्षितिजावर एक गलबत दिसलं.

ते वेड्यासारखं येत होतं. जवळ आलं तेव्हा दिसलं, की वल्हेकऱ्यांच्या हातांची सालटं निघाली होती. ती माणसं वल्ह्यावरच जेवली होती, पाळीपाळीने झोपली होती, कुठेही किनाऱ्याला थांबली नव्हती. गलबत वाळूला लागायच्या आधीच पुढचा माणूस ओरडू लागला, "थांबा, हुकूम बदललाय. सभेने माफ केलंय."

 ओरडता ओरडता त्याने किनाऱ्यावर बसलेल्या बायकांकडे पाहिलं आणि तो गप्प झाला.

म्हातारा वल्हेकरी म्हणाला होता तसंच घडलं होतं. नगर दुसऱ्या दिवशी सकाळी उठलं ते खजील होऊन. पुन्हा सभा भरली. थोड्याच हातांच्या फरकाने का होईना, पण माफीच्या बाजूने कौल पडला आणि संध्याकाळी दुसरं गलबत सुटलं.

त्या दुसऱ्या गलबतावर ताल देणारा होता तो याच्याच गल्लीतला. त्याने वाळूवर टेकत विचारलं, "तुम्ही कधी पोचलात?"

"काल दुपारी."

शेजाऱ्याने डोळे मिटले. "एकच दिवस," तो म्हणाला. "आम्ही तुम्हाला वाटेतच गाठू, अशी सगळ्यांची खात्री होती."

ताल देणारा उठून पाण्याच्या कडेला गेला आणि तिथेच उभा राहिला. सैल ठोक्याने गलबत चाललं असतं, तर आत्ता ते कुठे असतं, हे त्याला एखाद्या शिकल्यासवरल्या माणसापेक्षा जास्त अचूक कळत होतं. ते अजून समुद्रात असतं.

परत येताना त्याने मोगरी हातात घेतली नाही. दुसऱ्याने ताल दिला. नगरात पोचल्यावर म्हातारा वल्हेकरी उतरला. आपली बसायची चामड्याची गादी त्याने बंदराच्या धक्क्यावर ठेवली आणि डोंगरावर शेळ्या राखायला निघून गेला. तो पुन्हा कधी समुद्राकडे आला नाही.

मग नगरात दोष कुणाचा याची चर्चा सुरू झाली. वक्ता म्हणाला, "मी फक्त बोललो. हात तुम्ही वर केलेत." लोक म्हणाले, "आम्ही दुसऱ्या दिवशी खाली घेतले होते. गलबताने घाई का केली?" तांडेल म्हणाला, "मी हुकूम पोचवला. वेग ताल देणाऱ्याच्या हातात असतो." वल्हेकरी म्हणाले, "ठोका पडेल तसं आम्ही वल्हवतो." शेवटी सगळे ताल देणाऱ्याकडे पाहू लागले.

तो टेकडीवर उभा राहिला. दोष पुढे ढकलायला त्याच्यापुढे दुसरं कुणीच नव्हतं, आणि असतं तरी त्याने तो ढकलला नसता.

"मी हात वर केला होता," तो म्हणाला. "मग मी ठोका सैल केला. मग तांडेल मला हसला, म्हणून मी तो पुन्हा वाढवला. याच्यापेक्षा मोठं कारण माझ्याजवळ नाही. तुमच्याजवळ असेल तर सांगा."

 लोकांनी त्याला शिक्षा केली असती, तर बरं झालं असतं. पण शिक्षा करायची तर त्याचं बोलणं खरं मानावं लागलं असतं, आणि मग आपापल्या वर गेलेल्या हातांचंही काय ते ठरवावं लागलं असतं. कुणीतरी घाईघाईने नव्या देवळाच्या खांबांचा विषय काढला आणि सभा त्याकडे वळली.

त्यानंतर तो गोदीत गलबतांना डांबर लावायचं काम करू लागला. घरी बायको त्याला वाढी, आजारपणात त्याचं करी, पण त्या गावाचा विषय तिने कधी काढला नाही. त्याने एकदा काढला, तेव्हा ती म्हणाली, "मला सांगू नका. मला सांगितलं की तुम्हाला हलकं वाटेल." त्याला ते पटलं. त्याने पुन्हा काढला नाही.

बेटं मात्र काही विसरली नाहीत. डोंगरापलीकडे एक दुसरं नगर होतं. तिथले लोक कडक शिस्तीचे, कमी बोलणारे, फक्त लढाई जाणणारे. एकेक बेट गुपचूप त्यांच्याशी बोलणं करू लागलं. मग दोन्ही नगरांत युद्ध पेटलं आणि ते वर्षानुवर्षं चाललं. ज्यांनी मिळून सम्राटाला हाकललं होतं, ते एकमेकांची ऑलिव्हची झाडं तोडू लागले. एक झाड फळायला पंधरा-वीस वर्षं लागतात, तोडायला दुपारही लागत नाही.

शेवटी नगराला चहूकडून वेढा पडला. धान्य येईना. तेव्हा उरल्यासुरल्या बेटांकडे मदत मागायला एक गलबत निघालं. ताल देणारा आता पिकला होता, पण त्याने साधा वल्हेकरी म्हणून आपल्याला घ्यावं अशी विनंती केली. माणसं कमीच होती, त्यामुळे त्याला घेतलं.

तीन बेटांनी त्यांना किनाऱ्यावर उतरूही दिलं नाही. चौथ्या बेटावर गावप्रमुख असलेली एक वृद्ध विधवा खाली आली. तिने सगळ्यांना पाणी दिलं, खायला अंजीर दिले आणि नगराच्या वकिलाचं, म्हणजे दूताचं, बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग ती म्हणाली, "तुमच्या नगरात चांगली माणसं आहेत, हे मला माहीत आहे. ते दुसरं गलबतही तुम्हीच पाठवलं होतं. पण आमच्या मुलाबाळांनी तुमच्या कोणत्या गलबताच्या भरवशावर राहायचं, तेवढं मला सांगा."

वकील बोलण्यात हुशार होता. पण त्याने बोलणं सोडून नगराचा खलिता गुंडाळून ठेवला. ताल देणारा वाळूकडे बघत राहिला.

गलबत रिकामं परतलं. त्या हिवाळ्यात नगरात भुकेने माणसं मेली. आधी लहान मुलं गेली, मग म्हातारे. त्यांत ताल देणारा होता, आणि चार दिवसांनी त्याची बायको गेली. वसंत ऋतू येता येता नगराने दरवाजे उघडले. शत्रूने बंदरातली सगळी गलबतं ओढून काठावर आणली आणि पेटवून दिली. सर्वांत वेगवान गलबतही त्यांत होतं. नगराचे लोक टेकडीवरून बघत होते. धूर संध्याकाळपर्यंत बेटांच्या दिशेने जात होता, पण कुठूनही कुणी विचारपूस करायला आलं नाही.

तात्पर्य: सगळ्यांनी मिळून केलेला अन्याय सगळ्यांत वाटला जाऊन कमी होत नाही, तो प्रत्येकाच्या वाट्याला पुराच्या पुरा येतो.